धरणाचे दरवाजे कुणाच्या पंचांगाने?

पावसाळा सुरू झाला की मराठी वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते. कोयनेचा साठा इतके टीएमसी, पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग, उजनी इतके टक्के, जायकवाडीची आवक इतकी. शेतकरी, पूररेषेत राहणारे, नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग, सगळ्यांना आपापल्या उपयोगाचा आकडा तिथे सापडतो. धरणाखाली जाळे टाकणाऱ्या भोयाला लागणारे आकडे मात्र त्या चौकटीत नसतात. सोडलेले पाणी किती गार आहे, त्यात प्राणवायू किती आहे, ते किती वेळात चढेल आणि किती वेळात ओसरेल, यांची नोंद बहुधा कुणी घेतलेलीच नसते.

धरणाखालच्या नदीचे आणि तिच्यातल्या मासळीचे काय होते, या प्रश्नावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर बरेच काम झाले आहे. आपल्याकडची चर्चा मात्र बहुतेक वेळा भिंतीपाशी थांबते. धरण हवे की नको यावर दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात. भिंत उभी राहिल्यावर पुढची शंभर वर्षे ती कशी चालवायची, हा विषय जलसंपदा खात्याच्या परिचालन सूचीत बंद होऊन जातो. भिंतीने मासळीचा रस्ता अडतो हे खरेच आहे. पण नुकसानीचा मोठा वाटा त्यानंतरच्या रोजच्या निर्णयांतून येतो. पाणी कोणत्या थरातून घेतले, कोणत्या महिन्यात सोडले आणि किती वेगाने वाढवले, यावर खालची नदी जगते किंवा मरते. दोन हजारांवर मोठी धरणे असलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न टाळता येणार नाही. देशातल्या कोणत्याही राज्यात इतकी धरणे नाहीत.

खालच्या थरातले गार पाणी

खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच राहते. तळाचे पाणी गार आणि जड असते. दोन्हींच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारी पट्टी तयार होते आणि ती वरचे पाणी खाली जाऊ देत नाही. वीजगृहाची किंवा पाटाची तोटी सहसा खालच्या थरात असते, कारण साठा आटला तरी पाणी मिळायला हवे. त्यामुळे भर उन्हाळ्यात नदीत उतरते ते तळघरातले पाणी.

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर आहे. ग्लेन कॅनियन धरणात १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. त्याआधी हिवाळ्यात गोठणबिंदूच्या जवळ आणि उन्हाळ्यात २५ अंश सेल्सिअसच्या वर जाणारी ही नदी धरणानंतर बारमाही गार वाहू लागली. ग्रँड कॅनियनमधले काही स्थानिक मासे तिथून नाहीसे झाले. पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक चब मुख्यतः लिटल कोलोरॅडो या उबदार उपनदीच्या आधाराने तगला. गार पाण्यात मुद्दाम आणून सोडलेला ट्राउट मात्र फोफावला.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. दीर्घ अवर्षणाने या धरणाचा जलाशय, लेक पॉवेल, आटू लागला, तशी वरच्या थरातली कोमट पाण्याची पातळी टर्बाइनच्या तोंडाशी आली आणि नदीत सोडले जाणारे पाणी तापले. चबला ऊब मानवते, तेव्हा हे चांगलेच झाले असे वाटावे. पण २०२२ मध्ये धरणाखाली स्मॉलमाउथ बास या परक्या शिकारी माशाची पिल्ले सापडली. त्यालाही ऊबच हवी असते, आणि लहान चब हे त्याचे आयते खाद्य. मग २०२४ मध्ये तळाच्या नळांतून मुद्दाम गार पाणी सोडून बासची वीण रोखण्याचा प्रयत्न झाला. या नळांतून गेलेले पाणी वीज करत नाही, म्हणजे हा उपाय फुकटचा नव्हता. बदललेल्या नदीत एक घटक पूर्ववत केला म्हणून जुनी नदी परत येत नाही, हा या प्रकरणाचा धडा.

हवे त्या थरातून पाणी घेण्याचे तंत्र नवे नाही. कॅलिफोर्नियातल्या शास्ता धरणावर १९९७ मध्ये त्यासाठी प्रचंड पोलादी यंत्रणा बसवली गेली, कारण तिथल्या सॅमन माशाच्या अंड्यांना गार पाणी लागते. ऑस्ट्रेलियातल्या बरेंडॉंग धरणात २०१४ मध्ये पाणी घेण्याच्या मनोऱ्याभोवती पडदा लावला. तिथली गरज उलटी होती, कारण मरे कॉडसारख्या माशांना वरच्या थरातले कोमट पाणी हवे होते. यंत्रणा असूनही २०१४-१५ च्या दुष्काळात शास्ताचा गार साठाच संपला आणि सॅमनची बहुतेक अंडी-पिल्ले मेली. यंत्र असलेला थर निवडू शकते, नसलेला थर निर्माण करू शकत नाही. म्हणून मे महिन्यात किती गार पाणी शिल्लक ठेवायचे, हा हिशेब हिवाळ्यातच करावा लागतो.

दख्खनचे जलाशय कोलोरॅडोइतके गार होत नाहीत. इथली मोठी अडचण तापमानापेक्षा प्राणवायूची आहे.

प्राणवायूचे दोन टोकांचे दुखणे

तळाच्या थराला हवा लागत नाही. वरून पडणारे शेवाळ, पालापाचोळा आणि वाहून आलेला मैला तिथे कुजतो, आणि असेल तेवढा प्राणवायू त्यात संपतो. मग गाळातून लोह आणि मँगेनीज सुटतात, हायड्रोजन सल्फाइडचा सडका वास येतो. हे पाणी नदीत आले की धरणाखालच्या पहिल्या पट्ट्यात मासा गुदमरतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम मावत असेल, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम सांगितला आहे. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात हाताशी असलेली शिल्लक मुळातच तुटपुंजी असते.

यावर पद्धतशीर उपाय केला तो अमेरिकेच्या टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने. १९९०च्या दशकात तिथल्या डझनाहून अधिक धरणांसाठी दोन गोष्टी ठरवल्या गेल्या: नदीत कायम सोडायचा किमान प्रवाह आणि त्या पाण्यातला किमान प्राणवायू. कोमट पाण्याच्या नद्यांसाठी ४ आणि गार पाण्याच्या नद्यांसाठी ६ मिलिग्रॅम. नॉरिस धरणावर हवा ओढून पाण्यात मिसळणारी टर्बाइन बसवली. डग्लस धरणाच्या जलाशयात तळाशी नळ्या टाकून प्राणवायू सोडला. साउथ होल्स्टनखाली पाणी उसळून पडेल असा नागमोडी बंधारा बांधला. एकाच प्राधिकरणाच्या धरणांना तीन वेगवेगळे उपाय लागले. प्रत्येक धरणाची खोली, तोटी आणि पाणलोट वेगळा असल्यामुळे सगळ्यांना एकच औषध चालले नाही.

प्राणवायूचे दुखणे उलट्या टोकाचेही असते. सांडव्यावरून उंचावरून कोसळणारे पाणी खालच्या डोहात खोल शिरते, तिथल्या दाबाखाली हवा प्रमाणापेक्षा जास्त विरघळते आणि ती माशाच्या रक्तात व कल्ल्यांत बुडबुडे धरते. कोलंबिया आणि स्नेक नद्यांवर यासाठी विरघळलेल्या वायूची मर्यादा घातली आहे, आणि पाणी खोल न शिरता पृष्ठभागालगत फेकले जावे म्हणून सांडव्यांना ओठ बसवले आहेत.

उजनीकडे बघताना हे सगळे लक्षात ठेवावे लागते. भीमेवरचा हा सुमारे ११७ टीएमसीचा जलाशय. त्यातला निम्म्याहून जास्त भाग मृतसाठा, त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी दरवर्षीची. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि पवनेतून याच जलाशयात येऊन मुरते. पाणी हिरवे पडते, शेवाळ माजते. कटला, रोहू आणि दख्खनी जातींच्या जागी चिलापी भरते, कारण ती घाणीला दाद देत नाही. जलाशय मायनसमध्ये जातो तेव्हा उरलेल्या थोड्या पाण्यात तीच घाण दाटते, आणि पुढे भीमेला मिळते ते हेच पाणी. धरण इथे घाणीचा उगम नाही. पण घाण किती दिवस साठवायची आणि कोणत्या पातळीवरून खाली सोडायची, हे धरणच ठरवते.

दिवसातून दोनदा येणारा पूर

वीजगृह मागणीप्रमाणे चालते. सकाळी आणि संध्याकाळी दिवे, पंप, कारखाने लागले की टर्बाइन सुरू होतात आणि नदी चढते. मध्यरात्री ती ओसरते. पाणी ओसरले की काठावरच्या खडकांत अडकलेली पिल्ले वाळून मरतात, आणि पाण्याच्या कडेला चिकटवलेली कीटकांची अंडी कोरडी पडतात. कीटक संपले की मासळीचे खाणेच संपते.

कोकणात या लयीवर एक अख्खा व्यवसाय चालतो. कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंग होते ते सकाळच्या विसर्गावर. भिरा आणि रवाळजे वीजगृहांतून पाणी सुटले की नावा निघतात आणि पाणी ओसरायच्या आत परतावे लागते. पर्यटकाला ही मजा वाटते. नदीच्या कडेने जगणाऱ्या जीवाला मात्र रोज पूर आणि रोज दुष्काळ भोगावा लागतो. हाच वेग माणसालाही झेपत नाही. जून २०१४ मध्ये हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात बियास नदीवर फिरायला गेलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले.

यावरचा एक उपाय स्वस्त आणि सोपा आहे. ग्लेन कॅनियनखाली २०१८ ते २०२० या काळात उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पाणी एकाच कमी पातळीवर स्थिर ठेवले, म्हणजे त्या दोन दिवसांत घातलेली कीटकांची अंडी पुढे ओली राहतील. आठवड्याच्या अखेरीस विजेची मागणी तशीही कमी असते, त्यामुळे तोटाही बेताचा. दुसरा उपाय म्हणजे पाणी वाढवण्या-घटवण्याचा वेग बांधून देणे, किंवा वीजगृहाखाली छोटा संतुलन बंधारा घालून चढ-उतार तिथेच जिरवणे. स्वित्झर्लंडने २०११ पासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्यात अशा रोजच्या चढ-उतारांची हानी २०३० पर्यंत दूर करण्याची मुदतच घालून दिली आहे.

पहिला पूर कुणाचा?

चढणीचे मासे हे शब्द कोकणात आणि मावळात वेगळे समजवावे लागत नाहीत. मृगाच्या सरी कोसळल्या, ओढ्याला गढूळ लोंढा आला की मासे उलट्या प्रवाहाने चढतात, भातखाचरांत आणि काठावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. दख्खनच्या नद्यांतही बहुतेक माशांची वीण जून ते ऑगस्ट या काळात होते. तापलेले पाणी अचानक गार होणे, पातळी वाढणे, गढूळपणा येणे, हे सगळे एकत्र घडले की माशाला वेळ झाल्याची खूण पटते.

नेमका हाच पहिला लोंढा धरण गिळते. जूनमध्ये जलाशय रिकामा असतो, त्यामुळे जून-जुलैचे पाणी साठवण्यातच जाते. दरवाजे उघडतात ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, साठा भरल्यावर, आणि तेही बहुधा एकदम हजारो क्युसेकने. जायकवाडीसारख्या तुटीच्या धरणात तर कित्येक वर्षी दरवाजे उघडतच नाहीत. उलट उन्हाळ्यात, जेव्हा दख्खनच्या नद्या मुळात डोहांपुरत्या उरायच्या, तेव्हा आवर्तनासाठी आणि विजेसाठी पाणी वाहते. नदीचा ऋतूच उलटा होतो. मासळीला उन्हाळ्यात लागतो तो शांत, खोल डोह. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाच्या नावाने राखलेले महाशीर ज्या तऱ्हेच्या डोहात तगले, तसा. पावसाळ्यात तिला लागतो लोंढा. धरणाखाली या दोन्ही गोष्टी तिच्या वेळेला मिळत नाहीत.

हे वेळापत्रक जुळवता येते का? चीनमध्ये यांगत्से नदीवर तसा प्रयत्न २०११ पासून चालू आहे. तिथल्या चार प्रमुख कार्प जातींना विणीसाठी सुमारे १८ अंश तापमान आणि चढते पाणी लागते. म्हणून मे-जूनमध्ये थ्री गॉर्जेस धरणातून काही दिवस पाणी पायरीपायरीने वाढवत नेऊन कृत्रिम पूर दिला जातो, आणि खाली अंड्यांची मोजणी करून परिणाम तपासला जातो. त्याच नदीच्या यादीत अपयशही आहे. गेझोउबा धरणाने १९८१ मध्ये वाट अडवलेला चिनी पॅडलफिश २०२२ मध्ये अधिकृतपणे नामशेष ठरला. एखाद्या जातीला विणीसाठी वरच्याच पट्ट्यात जावे लागत असेल, तर खाली सोडलेला कृत्रिम पूर तिच्या कामाचा नसतो.

थायलंडमधल्या पाक मून धरणाचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. मून नदी मेकाँगला मिळते त्याच्या जरा आधी १९९४ मध्ये हे धरण झाले. माशांसाठी शिडी बांधली होती, पण तिचा उपयोग फारसा झाला नाही आणि मासेमारीवर जगणारी गावे उघड्यावर आली. वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर जून २००१ पासून वर्षभर दरवाजे उघडे ठेवले गेले. त्या काळात गावकऱ्यांनी स्वतः नोंदी ठेवल्या, आणि परतलेल्या माशांच्या शंभराहून अधिक जाती लिहून काढल्या. पुढे सरकारने वर्षातून चार महिनेच दरवाजे उघडायचे ठरवले. लोकांना ते पुरेसे वाटले नाही. पण दरवाजे उघडे राहिले तर मासळी किती लवकर परतते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

महाराष्ट्रातही दरवाजांना असे पंचांग घालून दिलेले आहे. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला खालच्या श्रीरामसागर धरणासाठी ०.६ टीएमसी पाणी सोडायचे. निकाल दोन राज्यांच्या वाटणीचा होता, त्यात मासळीचा विचार नव्हता. तरी विणीच्या हंगामातला मोठा भाग त्यात आपोआप आला. गोदावरीवर जायकवाडीच्या खाली उच्च पातळी बंधाऱ्यांची रांगच उभी आहे. त्यांतल्या एकाला जर तारखेने दरवाजे उघडता येतात, तर बाकीच्यांना ते अशक्य आहे असे म्हणता येत नाही. समुद्रात मासळीच्या विणीसाठी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नदीत जाळ्यापेक्षा दरवाजा मोठा असतो, पण त्याला असा कुठलाही बंदीकाळ नाही.

बंधाऱ्यामागचे साचलेले पाणी

धरणाखाली प्रवाह आटला की उरते ते सांडपाणी. मुठेत पुण्यात वर्षातले बरेच महिने जे वाहते त्यात धरणाचे पाणी जवळजवळ नसते. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनी महाशीराचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या याच मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्या पात्रात महाशीर शोधायला कुणी जाणार नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांनी हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा केला. पावसाळा सरला की बर्गे घालून पाणी अडवतात, पुढच्या पावसाआधी ते काढतात. मधल्या काळात नदी ही साचलेल्या तुकड्यांची माळ होऊन बसते. पाण्याला लय नाही, त्यात गावांचा मैला आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, ऊन तापते. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा थर साचल्याच्या बातम्या वारंवार येतात. पहिल्या पावसात तळाचे काळे पाणी ढवळून वर आले, किंवा बर्गे एकदम काढून ते खाली सोडले, की पुढच्या गावातही तेच होते. ऑस्ट्रेलियाच्या डार्लिंग नदीवर मेनिंडीजवळ डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये लाखो मासे मेले, त्याची चौकशी झाली. प्रवाह जवळजवळ थांबलेला, बंधाऱ्यामागे पाण्याचे थर पडलेले, शेवाळ माजलेले, आणि मग अचानक आलेल्या गार हवेने थर मोडून तळाचे प्राणवायूहीन पाणी वर मिसळले, असा क्रम तिथल्या तज्ज्ञांनी मांडला. आपल्या बंधाऱ्यांमागे काय होते हे समजायला हा क्रम उपयोगी पडतो.

सांगलीत कृष्णा उघडी पडली किंवा मासे मेले की ‘कोयनेतून पाणी सोडा’ ही मागणी होते. ती समजण्यासारखी आहे, पण तिच्यातली गफलतही सांगायला हवी. धरणाचे स्वच्छ पाणी घाण पातळ करते, संपवत नाही. घाण सोडणाऱ्याला तर दरवर्षी सरकारी खर्चाने पाणी मिळण्याची सवय लागते. नदीचा प्रवाह राखणे आणि सांडपाणी शुद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाचे कारण पुढे करून दुसरे टाळले, तर मासळीला दोन्हींचा उपयोग होत नाही.

दुसऱ्या खोऱ्यात गेलेले पाणी

सह्याद्रीच्या धरणांचा आणखी एक गुंता आहे. कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा लवादाने मान्यता दिली. ते पोफळीला उतरून वाशिष्ठीत जाते आणि चिपळूणमार्गे समुद्राला मिळते. टाटांच्या धरणांचे पाणी खोपोलीला पाताळगंगेत, भिवपुरीला उल्हासात आणि भिऱ्याला कुंडलिकेत उतरते. म्हणजे एका बाजूला पूर्ववाहिनी नदीचा प्रवाह घटला आणि दुसऱ्या बाजूला पूर्वी उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्यांना वर्षभर गोडे पाणी मिळू लागले. त्याच आधारावर रसायनी, अंबरनाथ आणि धाटावच्या औद्योगिक वसाहती तिथे आल्या, आणि त्यांचे सांडपाणीही. वीजगृह बंद पडले किंवा कमी चालले की त्या नद्यांत पाणी कमी आणि रसायन जास्त होते. खाडीच्या मुखाशी गोड्या-खाऱ्या पाण्याचा तोल आता भरती-ओहोटीबरोबर वीजगृहाच्या वेळापत्रकावरही ठरतो, आणि खाडीतली मासळी त्या तोलावरच जगते.

तोच तोल नर्मदेच्या मुखाशी उलट्या दिशेने बिघडला. सरदार सरोवराखाली नदीसाठी ६०० क्युसेक प्रवाह ठरला होता. भरूचच्या मच्छीमारांनी तो अपुरा असल्याचे सांगत राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. गोडे पाणी कमी पडल्याने समुद्र नदीत वर शिरला, काठच्या विहिरी आणि शेते खारावली, आणि पावसाळ्यात समुद्रातून चढून येणारी हिलसा घटली. त्याच भरूचला सप्टेंबर २०२३ मध्ये धरणातून सुटलेल्या सुमारे १८ लाख क्युसेकचा पूर सोसावा लागला. एरवी ठिबक आणि मग एकदम प्रलय, हे परिचालन माशालाही चालत नाही आणि माणसालाही. गंगेवर १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाल्यावर प्रयागराजपर्यंत जाणारी हिलसा वरच्या पट्ट्यातून जवळजवळ गेली. आता केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यकी संशोधन संस्था खाली पकडलेली हिलसा बंधाऱ्याच्या वर नेऊन सोडते आहे.

शिडी आणि मत्स्यबीज

मासळीचे नुकसान भरून काढण्याचे दोन उपाय सरकारी कागदांत हमखास सापडतात: माशांसाठी शिडी आणि जलाशयात मत्स्यबीज. शिडीची कल्पना उडी मारणाऱ्या सॅमनवरून आली. आपल्या कार्प आणि शिंगाडा-शिवड्यासारख्या माशांची चाल वेगळी. ते तळालगत किंवा काठाने चढतात, आणि शंभर फुटांच्या भिंतीसमोर शिडीला अर्थच राहत नाही. बंधाऱ्यासारख्या कमी उंचीच्या अडथळ्यांवर मंद उताराचा रस्ता काढता येतो, पण तोही पाणी योग्य वेळी सोडले तरच चालतो.

मत्स्यबीजामुळे जलाशयातल्या सहकारी संस्थांना उत्पन्न मिळते, आणि ते लहान नाही. लोणावळ्याजवळ वळवणला महाशीराच्या कृत्रिम प्रजननाचे काम सत्तरच्या दशकापासून चालले आहे. पण जलाशयात वाढलेला कटला आणि धरणाखाली गेलेला वाम, मरळ, महाशीर यांचा हिशेब एकाच रकान्यात मांडता येत नाही. फायदा जलाशयाच्या ठेकेदाराचा होतो, तोटा खालच्या गावच्या भोयाचा.

जिथे धरणाची उपयुक्तताच संपली, तिथे ते पाडण्याचाही मार्ग आहे. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढली गेली. क्लॅमथवरची चार धरणे २०२४ मध्ये काढून झाली आणि त्याच वर्षी सॅमन वरच्या पट्ट्यात पोहोचला. महाराष्ट्रात हा पर्याय मोठ्या धरणांसाठी नजीकच्या काळात कुणी मांडणार नाही, आणि दुष्काळी तालुक्यांतल्या पिण्याच्या पाण्याचा विचार करता मांडूही नये. म्हणूनच परिचालन बदलण्याला इथे जास्त महत्त्व आहे.

नियम कुठवर आले?

ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने गंगेच्या वरच्या पट्ट्यात धरणांना महिन्याच्या सरासरी प्रवाहाचा ठरावीक हिस्सा सोडणे बंधनकारक केले. नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत २५ टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये देशातल्या सर्वच नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी राखायला सांगितले होते. दुसऱ्या कृष्णा लवादाने २०१० च्या निवाड्यात किमान प्रवाहासाठी महाराष्ट्राच्या वाट्यातून ३ टीएमसी धरले, पण तो निवाडा न्यायालयीन वादात अडकून पडला आहे.

या साऱ्या नियमांत एक समान उणीव आहे. ते टक्के आणि टीएमसी सांगतात. पाणी कोणत्या थरातले, किती अंशांचे, किती प्राणवायूचे आणि किती वेगाने चढणारे, याबद्दल ते काही बोलत नाहीत. तळाचे सडके पाणी २० टक्के सोडले तरी कागदावर नियम पाळला गेला. गंगेच्या नियमात महिन्यागणिक फरक आहे ही सुधारणाच, पण विणीच्या काळात सलग दोन-तीन दिवसांचा चढता लोंढा द्यावा, असे त्यातही नाही.

आणि दरवाजे तारखेने उघडता येत नाहीत, असे तर महाराष्ट्रात कुणी म्हणूच शकत नाही. उसाच्या आवर्तनासाठी ते उघडतात. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून चंद्रभागेत पाणी सोडतात. सोलापूरच्या पिण्यासाठी वर्षानुवर्षे भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडले गेले, आणि वाटेत फार मुरते म्हणून समांतर जलवाहिनीचे काम हाती घेतले गेले. नळाने पाणी वाचते, हे बरोबर. पण पात्रातून जाणाऱ्या त्या पाण्यावर भीमेतली मासळी उन्हाळ्यात जगत होती. नळ आला की तो प्रवाह कुठून द्यायचा, हा प्रश्न प्रकल्प अहवालात आला पाहिजे.

सुरुवात स्वस्तात होऊ शकते. प्रत्येक मोठ्या धरणाच्या तोटीखाली आणि तिथून दहा किलोमीटरवर तापमान व प्राणवायू मोजणारी यंत्रे बसवून ते आकडे विसर्गाच्या आकड्यांबरोबर रोज जाहीर करावेत. परिचालन सूचीत पाणी चढवण्या-उतरवण्याचा कमाल वेग लिहावा. आवक चांगली असलेल्या वर्षी जुलैत एकदा, खालच्या सगळ्या बंधाऱ्यांचे दरवाजे उघडे ठेवून, दोन-तीन दिवसांचा चढता विसर्ग द्यावा, आणि त्यानंतर अंडी-पिल्ले मोजायचे काम मत्स्यव्यवसाय खात्याबरोबर नदीकाठच्या भोई आणि ढिवर संस्थांकडे सोपवावे. कोलोरॅडोवर १९९६ मध्ये पहिला प्रायोगिक पूर दिला तो ४५,००० क्युसेकचा, सात दिवसांचा. उजनीतून पावसाळ्यात त्याहून जास्त पाणी कित्येकदा सुटते. आपल्याला वेगळे पाणी शोधायचे नाही, जाणाऱ्या पाण्याचा दिवस आणि चढ ठरवायचा आहे. तुटीच्या वर्षी हे जमणार नाही, आणि त्या वर्षी शेती, शहर आणि नदी यांत कुणी किती सोसायचे हा वाद होईलच. पण आज त्या वादात नदीच्या बाजूने मांडायला मोजलेला एक आकडाही हाताशी नसतो, आणि ज्याचा आकडा नाही त्याचा वाटा बैठकीत सर्वांत आधी कापला जातो.